पुराची पेटी आणि सरिताचं फोल्डर

४ जुलै

आज सरिताने चहाचा पहिला घोट घेतला आणि मोरीत जाऊन थुंकला. चहात मीठ. आता यात माझी चूक किती? मी सगळे डबे रिकामे केले, धुतले, उन्हाची वाट बघून शेवटी पंख्याखाली वाळवले आणि प्रत्येकावर ठळक अक्षरात चिठ्ठी लावली. चिठ्ठ्या शंभर टक्के बरोबर आहेत. माल भरताना अदलाबदल झाली एवढंच. उभी नोकरी मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, तिथे एक नट इकडचा तिकडे झाला नाही. घरात मात्र दोन डब्यांवरून दिवसभर बोलणी खायची.

निवृत्त होऊन महिना झाला. खरं सांगायचं तर मला घरात जागाच सापडत नाही. जिथे उभा राहीन तिथून सरिताला काहीतरी काढायचं असतं. शेजारचा काशीराम माझ्याच कारखान्यातला, गेल्या वर्षी सुटला. तो सकाळपासून ओट्यावर बसतो आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला, कुठे निघालात, म्हणून विचारतो. मला तसं होऊन चालणार नाही. परवा मी मिक्सर उघडून साफ केला. परत बसवताना चार स्क्रू उरले, पण मिक्सर फिरतो. झाकण तेवढं हाताने दाबून धरावं लागतं.

आता पुढचं काम ठरवलंय. सरिताचा लॅपटॉप. ती पोलादपूरच्या बाजूला शाळेत शिक्षिका आहे, घरी आली की त्याच्यावर काहीबाही टाइप करत बसते. बसते म्हणजे काय, बटण दाबते, भाजी चिरते, कणीक मळते, तरी पडद्यावर तो गोल फिरतच असतो. काल म्हणाली, "हा असाच राहिला तर माझं ऑगस्टच्या आत होत नाही." काय होत नाही ते बोलली नाही. शाळेचंच असणार.

६ जुलै

प्रियदर्शिनीला फोन लावला. लेक ऐरोलीला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. तिचं म्हणणं, लॅपटॉप म्हातारा नाही झाला, आत कचरा साठलाय. सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकली की पळेल.

"पण पप्पा, हात लावायच्या आधी सगळं हार्ड डिस्कवर कॉपी करा. मग ती कॉपी उघडून बघा. आणि दोन ठिकाणी ठेवा."

मी म्हटलं, एका मालाचे दोन साठे ठेवले की घोळ होतो. ती नुसतं "पप्पा" म्हणाली. असं नुसतं "पप्पा" म्हणते तेव्हा थेट आईवर गेलेली वाटते.

हे सगळं सरिताला सांगितलं, तिने आधी लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "करा. पण त्यात 'नवीन फोल्डर' नावाचं एक फोल्डर आहे. माझं दोन वर्षांचं काम आहे त्यात, गेल्या महिन्यात तर निम्मं नव्याने लिहिलंय. ते गेलं तर मी आईकडे जाऊन राहीन, न्यायला येऊ नका."

"आहे काय त्यात?"

"शाळेचं. आणि उघडायचं नाही."

मी तिला सांगितलं, सीलबंद खोकं मी जन्मात उघडलं नाही. खोकं मोजायचं, वजन करायचं, फळीवर ठेवायचं. हे ऐकून ती हसली. पुष्कळ दिवसांनी माझ्या एखाद्या बोलण्यावर हसली, बरं वाटलं.

७ जुलै

सरिताची मला काळजी वाटते. सकाळी न्हाणीघरातून तिचा आवाज आला, "थांब मेल्या, त्याला हात लावशील तर बघ." मी पळत गेलो, वाटलं साप निघाला. आत ती एकटीच. लगेच दुसऱ्या, जाड आवाजात म्हणाली, "अगो, मी फक्त साफ करतोय." दार वाजवलं तर म्हणाली, "काही नाही, घसा साफ करत होते."

शाळेतल्या कामाचा ताण माणसाला कुठवर नेतो. लॅपटॉप लवकर नीट केलाच पाहिजे.

९ जुलै

कॉपीचं काम झालं. उभ्याउभ्या केलं. मोठा पूर येऊन गेल्यावर आम्ही घरातले सगळे स्विचबोर्ड छातीच्या वर चढवून घेतले, आणि या लॅपटॉपची बॅटरी मेलेली. म्हणजे तो चार्जरला, चार्जर भिंतीला. शेवटी लॅपटॉप फ्रिजच्या डोक्यावर ठेवला आणि मी समोर उभा, देवळातल्या पुजाऱ्यासारखा. आमच्या घरात ही उपमा सरिताला चालली नसती, म्हणून इथेच लिहितो.

मध्येच तिच्या फोनवर तुळसाचा फोन आला. तुळसा म्हणजे सरिताच्या माहेरच्या वाडीतली. सरिता बाजारात गेलेली, मीच उचलला. ती म्हणते, "जय भीम, दाजी. बाईंना सांगा, माझ्या नवऱ्याचं भाषण लय लांब हाय, थोडं कापा. आणि मी रडते ते पयल्या भागात का दुसऱ्या, ते इचारा."

तुळसाचा नवरा मुंबईला असतो आणि चार शब्दांच्या वर बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. बाईमाणसांच्या संसारातल्या भानगडी सोडवण्याचं कामही सरिताने अंगावर घेतलेलं दिसतंय. निरोप दिला तर ती लाल झाली आणि ओढणीत तोंड खुपसून बसली. मी विषय वाढवला नाही.

फोल्डर उघडलं नाही. इकडचं वजन आणि तिकडचं वजन जुळवलं, बरोबर भरलं. आणि डिस्क कुठे ठेवावी यावर मी नीट विचार केला. टेबलावर ठेवली तर सांडेल, कपाटात ठेवली तर विसरेन. म्हणून घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली, पुराच्या पेटीत. महाडात प्रत्येकाच्या घरी काही ना काही असतं, आमच्याकडे पत्र्याची पेटी आहे. घराची कागदपत्रं, प्रियदर्शिनीची सर्टिफिकेटं, लग्नातले फोटो, सरिताच्या बांगड्या. नदी वाढायला लागली की उचलायची एकच वस्तू, बाकी घर नदीच्या नावाने सोडून द्यायचं. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फोटोंच्या खाली सारली. स्टोअर असंच चालवायचं असतं.

सरिताला सांगितलं, "तुझा माल राखीव साठ्यात गेला." ती फोनवर बोलत होती, तिने मान हलवली.

१२ जुलै

काय लिहू.

सकाळपासून पाऊस कोसळतोय. तरी मी पेनड्राइव्ह लावला, प्रियदर्शिनीने सांगितलेलं बटण दाबत राहिलो. पाच वेळा वेळ चुकली, सहाव्यांदा निळा पडदा आला. सगळं पुसू का, म्हणून विचारलं. मी एकदा छाती भरून श्वास घेतला आणि होय म्हटलं. जुनं सगळं गेलं, नवीन उतरायला लागलं. निम्म्यावर आलं आणि लाइट गेली. बॅटरी तर मेलेलीच. पडदा काळा.

तेवढ्यात नगरपालिकेचा भोंगा झाला. सावित्री इशाऱ्याच्या खुणेला लागली. सगळी आळी हलली. काशीराम ओट्यावरून उठला, यावरून वेळ काय होती ते कळावं. आम्ही गाद्या माळ्यावर चढवल्या, फ्रिज खाटेवर चढवला, सिलिंडर बांधून ठेवला. पाणी कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत आलं, तिथे घुटमळलं आणि संध्याकाळी मागे फिरलं. घरात थेंब नाही. सगळ्यांनी चहा केला, एकमेकांच्या घरी नेऊन दिला.

चहा पिताना मी सहज विचारलं, "पेटी वर ठेवलीस का?"

"पेटी कधीच गेली. सुशांत जीप घेऊन वर निघाला होता, त्याच्याकडे दिली. नेहमीसारखी आईकडे."

सुशांत तिचा मावसभाऊ. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुंदराबाई, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला वाडीत राहतात. दर पावसाळ्यात पेटी तिकडेच जाते. मीच घातलेली पद्धत आहे. मीच.

चहा मला गोड लागला की खारट, ते आठवत नाही.

१३ जुलै

सरिताला अजून सांगितलेलं नाही. लॅपटॉप कोरा, डिस्क डोंगरात, आणि वाडीच्या वाटेवर दरड आली म्हणे. गाडी जात नाही. सासूबाईंचा फोन लागत नाही, टॉवरची लाइट गेली असेल.

सरिताने आज दोनदा विचारलं, "कुठवर आलं?" मी दोनदा म्हटलं, "आत काम चालू आहे." एका अर्थाने खोटं नाही.

१५ जुलै

सांगितलं. जेवताना सांगितलं, म्हणजे तिच्या हातात लाटणं नसेल.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पानावर हात तसाच ठेवून बसली. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही त्यात काय होतं."

"वार्षिक नियोजन असेल तर पुन्हा..."

"नाही होत पुन्हा. तसं सुचत नाही माणसाला पुन्हा."

नियोजन सुचावं लागतं हे मला नवीन होतं. पण तिचे डोळे भरले होते आणि ते माझ्यामुळे भरले होते. नोकरीत असताना माझ्या हातून काही हरवलं असतं तर नवीन मागवता आलं असतं. इथे कुठून मागवू? हिने आयुष्यात माझ्यावर सोपवलेली एकच वस्तू, आणि मी ती जीपमध्ये घालू दिली.

सकाळी वर जातो. गाडी जाईल तिथवर गाडीने, पुढे पायी. सरिता म्हणाली, "वेड लागलंय का? पाऊस बघा." मी म्हटलं, पाऊस काय, बघितलेला आहे.

१६ जुलै, वाडीहून

पोचलो. अंगावर जिथे कोरडं म्हणून शोधावं तिथे चिखल आहे.

जीपवाल्याने दरडीच्या अलीकडे उतरवलं. समोर अर्धा डोंगर रस्त्यावर येऊन पडलेला, जेसीबी एका कडेने उकरतोय. जेसीबीवाला म्हणाला, "काका, मागे फिरा." मी म्हटलं, घरचं काम आहे. तो म्हणाला, कोण आजारी आहे का? हार्ड डिस्क म्हणायचं जिवावर आलं, म्हणून म्हटलं, बायको नाराज आहे. त्याने मशीन थांबवलं आणि वरच्या बाजूने पाऊलवाट दाखवली. छत्री पहिल्याच वळणावर उलटी झाली. एका ओढ्यात चप्पल गेली, ती धरायला वाकलो तर दुसरीही गेली. अनवाणी चढलो. या वयात या अंगाने एवढं चढलो यावर काशीराम विश्वास ठेवणार नाही.

सासूबाई घरात नव्हत्या, रानात भाजी खुडायला गेलेल्या. पेटी माळ्यावर दिसली. खाली घेतली, उघडली. कागद आहेत, बांगड्या आहेत, फोटो आहेत. डिस्क नाही.

पुन्हा एकेक वस्तू बाहेर काढली. नाही. चुलीमागे बघितलं, उतरंडीत बघितलं, गाद्यांच्या वळकटीत हात घातला. मग मी तिथेच खाली बसलो. सरिताचा तो पानावर ठेवलेला हात डोळ्यांपुढून हलेना. ओलाच बसून राहिलो, म्हातारी येईपर्यंत.

त्या टोपली घेऊन आल्या, माझ्याकडे आणि सगळ्या घरभर पसरलेल्या संसाराकडे बघितलं.

"अरविंदराव, पूर इकडं आला का?"

मी म्हटलं, "आई, काळी डबी. पिशवीतली. कुठे आहे?"

"ती व्हय? तिच्या पिशवीत पानी गेलं होतं, जीपमध्ये गलत होतं ना वरून. मागं माजा फोन भिजला तवा तुमीच काय सांगितलंत? तांदलात घाल. म्हणून तांदलात घातली."

आणि तांदूळ म्हणजे वाटी नव्हे. वर्षाचा तांदूळ, छातीएवढं पिंप. मी कमरेपर्यंत आत गेलो. मागून सासूबाई, "डावीकडं बघा, नाय, आनखी खाली." डबी हाताला लागली तेव्हा मी पिंपातच ओरडलो आणि नाकातोंडात तांदळाचा भुगा गेला. बाहेर आलो तर दारात तुळसा आणि आणखी चारपाच बाया उभ्या. तुळसा सासूबाईंना म्हणाली, "आत्ये, हे पन घालायला पायजे बाईंना सांगून." काय घालायचं ते कळलं नाही. भाजीत तांदळाची कणी घालत असतील.

सासूबाईंनी माझे पाय गरम पाण्यात घातले, नाचणीची भाकरी आणि भाजी वाढली. मी पेटीच्या शेजारीच आडवा झालो आहे, डबी उशाखाली आहे.

१९ जुलै

सिस्टीम पुरी उतरली. लॅपटॉप आता बटण दाबलं की उभा राहतो, शिपायासारखा. डिस्क लावली. फोटो आले. शाळेचे फोटो आले. नवीन फोल्डर आलं, वजन बरोबर.

प्रियदर्शिनीने बजावलं होतं, उघडून बघा. एकदा चुकलो ते पुरे, म्हणून सरिताला शेजारी उभं करून तिच्यादेखत पहिली फाइल उघडली. आणि पडद्यावर नुसती चिन्हं. डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, मध्येच तिरक्या काड्या. पानंच्या पानं तशीच.

मी लॅपटॉपवरून हात काढला. म्हटलं, "सरिता, तांदळाने खाल्लं सगळं."

तिने माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं, आणि हसायला लागली. एवढी हसली की तिला फ्रिजला टेकावं लागलं. "अहो, मी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करते. तो फॉन्ट तुम्ही पुसून टाकलात. तो पुन्हा टाकला की सगळं दिसेल."

प्रियदर्शिनीने फॉन्ट पाठवला. तो टाकायला मी पुढे झालो तर सरिताने लॅपटॉप उचलून घेतला. "एवढं मला येतं. तुम्ही जरा मिक्सरचे स्क्रू शोधा." आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून तिचा तो जाड आवाज आला. "अगो, मी फक्त साफ करतोय." आणि मग हसण्याचा.

ताण एकदम जात नाही माणसाचा. पण मी आज बरा झोपेन.

२३ ऑगस्ट

काम झालं, म्हणाली. ऑगस्टच्या आत झालं. कॉपी आता दोन ठिकाणी आहे, एक पेटीत, एक प्रियदर्शिनीकडे. पेटीवर मी चिठ्ठी लावली आहे, 'मला विचारल्याशिवाय हलवू नये'. सरिताने खाली लिहिलं, 'पुराला सांगा'.

माझा कारखान्याचा निळा शर्ट सापडत नाही. चष्म्याची दोरीपण गेली. सरिताला विचारलं तर म्हणते, कपाटावर तुमचीच चिठ्ठी आहे, वाचा.

पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाल्यापासून ती दर रविवारी वाडीच्या विहारात वाचनाला जाते. पूर्वी दमून यायची. आता येते ती गाणं गुणगुणत.

ऑक्टोबर, पौर्णिमेचा दुसरा दिवस

काल वर्षावासाची सांगता झाली. विहारापुढे मांडव, मुंबईहून आलेली मंडळी, मोठं जेवण. सरिताने काशीरामलाही आग्रहाने बोलावलं होतं, मला आणि त्याला पहिल्या रांगेत बसवलं. भाषणं संपल्यावर माईकवरून सांगितलं, आता महिला मंडळाचं दोन भागांचं विनोदी नाटक, लेखिका आणि दिग्दर्शिका सरिता अरविंद साळवी.

मी काशीरामकडे बघितलं, काशीरामने माझ्याकडे. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नवीन फोल्डर म्हणजे हे. न्हाणीघरातला आवाज, तुळसाच्या नवऱ्याचं भाषण, सगळं हे. दोन वर्षं माझी बायको माझ्या घरात बसून नाटक लिहीत होती आणि मी तिला घसा शेकायला मीठ-पाणी देत होतो. हे नाटक मी तांदळातून काढून आणलेलं आहे, असं उभं राहून ओरडावंसं वाटलं.

नाटक एका नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाचं. तो घरातल्या सगळ्या वस्तूंवर चिठ्ठ्या लावतो, सासूच्या पाठीवरसुद्धा. चहात मीठ पडतं. मिक्सर उघडतो आणि उरलेले स्क्रू बायकोला दागिना म्हणून देतो. शेवटी काहीतरी शोधायला पिंपात उतरतो आणि त्याचे पाय तेवढे बाहेर दिसतात. तो माणूस कोण झालं होतं? आमच्या सासूबाई. या वयात काजळाची मिशी, निळा शर्ट, दोरीचा चष्मा. "अगो, मी फक्त साफ करतोय," म्हटलं की मांडव कोसळायचा. शर्ट अगदी माझ्यासारखा होता. पण तो कारखान्याने सगळ्यांनाच दिलेला, काशीरामकडेही आहे.

मी सर्वांत जास्त हसलो. कारण मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं, सरिताने हुबेहूब काशीराम उभा केलाय. निवृत्त झाल्यापासून दिवसभर दुसऱ्याच्या कामात नाक. बिचारा काशीराम माझ्याकडे बघून बघून हसत होता, डोळे पुसत होता, त्याला पत्ताही नाही. मी त्याच्या मांडीवर थाप मारली, त्यानेही माझ्या मारली.

शेवटी सगळ्या शेजारणी त्या बायकोला म्हणतात, असला नवरा घरात ठेवतेस कसा? बायकोचं काम तुळसाने केलं. ती सावकाश पुढे आली आणि म्हणाली, "खरं हाय. माजं सगळं घर उघडून ठेवतो, आणि निम्मं त्याला परत बसवता येत नाय. पण माजं एक हरवलं, तर भर पावसात अनवाणी डोंगर चढून गेला तो. आनलं आणि माज्या हातात दिलं. तुमच्यापैकी कुनाचा गेला असता?"

तुळसा रडली, ती दुसऱ्या भागात. मीही चष्मा पुसला. काशीरामबद्दल मला असं कधी वाटलं नव्हतं.

घरी येताना मी सरिताला म्हटलं, "काशीराम अगदी हुबेहूब पकडलास गं. त्याला कळू देऊ नकोस, मनाला लावून घेईल."

ती थांबली. मग माझा हात धरला, भर रस्त्यात, सगळ्या वाडीसमोर, आणि म्हणाली, "नाही सांगणार."

लिहिता लिहिता एकच अडलं आहे. काशीरामला मी ओट्यावरून उठलेला फक्त भोंग्याच्या दिवशी बघितला. तो पावसात अनवाणी डोंगर चढून कधी गेला, ते मला आठवत नाही. उद्या विचारतो त्याला.